पॅड बांधून बसलेल्यांचा हिशेब

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि पहिल्यांदाच विश्वचषक उचलला. त्या जल्लोषात कर्णधार हरमनप्रीत कौर प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांच्या पाया पडली. मुजुमदार स्वतः भारताकडून एकही सामना खेळलेले नाहीत. रणजी पदार्पणात २६० धावा, प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा, कर्णधार म्हणून २००६-०७ चा रणजी करंडक, एवढं करूनही भारताची टोपी मिळाली नाही. पण मुंबईच्या मैदानांवर त्यांचं नाव निघालं, की जुनी मंडळी आधी एक निराळीच गोष्ट सांगतात.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान, शाळांच्या हॅरिस शील्डचा उपांत्य सामना, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. पुढचा फलंदाज म्हणून मुजुमदार पॅड बांधून बसले होते. बसूनच राहिले. २ बाद ७४८ वर डाव घोषित झाला आणि त्यांनी पॅड सोडले.

हा किस्सा आपण कौतुकाने सांगतो. त्या धावफलकाची दुसरी बाजू मात्र कुणी वाचत नाही. दोघे बाद, दोघे नाबाद, म्हणजे बॅट चौघांनीच धरली. अकरातल्या सात मुलांना फलंदाजीचा एकही चेंडू मिळाला नाही. गोलंदाजी तरी? तिथेही सहा गडी कांबळीनेच घेतले! मुलाला कुठल्या संघात, कुठल्या अकादमीत घालायचं याचा विचार करणाऱ्या आईबापांनी हा धावफलक असा वाचायला शिकलं पाहिजे. कारण शंभरातल्या नव्याण्णव घरांतलं मूल त्या सात जणांत असतं.

नवी मुंबईत सध्या मुलाला अकादमीत घालण्याच्या विचाराला भलताच जोर आहे. ऐरोलीपासून पनवेलपर्यंत क्वचितच एखादा नोड असेल जिथे अकादमीचा फ्लेक्स नाही. वाशीत नवी मुंबई स्पोर्ट्स असोसिएशन आहे, बेलापूरला पालिकेचं राजीव गांधी क्रीडा संकुल आहे, खारघरला सिडकोने फुटबॉलसाठी सेंटर ऑफ एक्सलन्स उभं केलंय, सानपाड्याला तर उड्डाणपुलाखाली बास्केटबॉल रंगतो. भाड्याच्या टर्फची तर मोजदादच नको. निवड भरपूर असली की चौकशी बारीक व्हायला हवी. प्रत्यक्षात पालक विचारतात ते ठरलेलं असतं: ट्रॉफ्या किती, सरांच्या हाताखालून कोण मोठा खेळाडू गेला, किट फीमध्ये धरलंय का, सर्टिफिकेट मिळतं का. ‘माझ्या पोराला प्रत्यक्ष किती खेळायला मिळेल?’ हा प्रश्न फार थोडे विचारतात, आणि विचारलाच तर बहुतेक ठिकाणी सरांना त्याचं उत्तर तोंडपाठ नसतं.

हे उत्तर काढायला क्रिकेट कळावं लागत नाही. संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर बसा आणि एका मुलावर नजर ठेवा. दीड तासाचं सत्र. त्यातला अर्धा तास धावणं, स्ट्रेचिंग आणि फिल्डिंगच्या नावाखाली झेलांची रांग. उरला तास. नेट दोन, मुलं तीस. भागाकार केला तर एकेकाच्या वाट्याला चार मिनिटं. त्यातही पॅड बांधण्यात, हेल्मेटचा पट्टा लावण्यात मिनिट गेलं. समोरून येणारे निम्मे चेंडू वाइड, कारण गोलंदाजही तितकेच नवखे. बॅटला लागलेले चेंडू मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरतात. बाकीचा वेळ पोरगा नेटच्या मागे उभा राहून बॉल आणून देतो. याच मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात एखादे सर बारा पोरं घेऊन थ्रोडाउन देत असतात, सेंटर विकेटवर प्रत्येकाला दोन षटकं खेळवतात. त्यांच्याकडे फ्लेक्स नसतो. पोरं मात्र घामाघूम होऊन घरी जातात.

इथे कुणी म्हणेल, मग शारदाश्रमचं काय? सचिनला त्याच्या वांद्र्याच्या शाळेतून काढून शारदाश्रममध्ये घालायचा सल्ला त्याचे प्रशिक्षक आचरेकर सरांनीच दिला होता ना? मुजुमदारही त्यांच्याच सांगण्यावरून शाळा बदलून तिथे गेले. म्हणजे मोठ्या संघात घालणंच बरोबर! पण आचरेकर सर देत होते ते शाळेचं नाव नव्हतं, डाव होते. शाळा बदलायची ती आंतरशालेय सामने खेळायला मिळावेत म्हणून. आणि तेवढ्यावर सर थांबले नाहीत. सचिनला स्कूटरवर मागे बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, इथे बाद झाला की तिथे फलंदाजीला उभा करत. एकदा सरांनी त्याच्यासाठी सामना ठरवून ठेवला होता आणि हा पठ्ठ्या शाळेच्या मोठ्या संघाची हॅरिस शील्डची अंतिम लढत बघायला वानखेडेवर जाऊन बसला. सरांनी सगळ्यांदेखत ठेवून दिली आणि बजावलं की दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, तू खेळ, लोक तुझा खेळ बघायला येतील. ठेवून देणं आजच्या काळात मुळीच नको. पण त्यामागचा हिशेब आजही चोख आहे. मोठ्या संघाच्या प्रेक्षकांत बसण्यापेक्षा छोट्या सामन्यात खेळणं बरं.

धावांचे आकडेही असेच फसवतात. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडे या मुलाने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. जगभर बातमी झाली. त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ केल्या, समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. त्या शाळेचे मोठे खेळाडू परीक्षेमुळे आले नव्हते, त्यामुळे लहान पोरांनी गोलंदाजी टाकली. प्रणवच्या चिकाटीला दाद द्यायलाच हवी, पण त्यानंतरची वर्षं त्याला अपेक्षेच्या ओझ्याखाली जड गेली आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनने दिलेली शिष्यवृत्ती पुढच्याच वर्षी घरच्यांनी परत केली. एखादी अकादमी ‘आमच्या मुलाने तिहेरी शतक ठोकलं’ असा फ्लेक्स लावते तेव्हा विचारावं: समोर कोण होतं? एकतर्फी जिंकणारा संघ मुलाला फारसं शिकवत नाही आणि एकतर्फी हरणारा तर त्याहून नाही. हंगामातले निम्मे सामने चुरशीचे झाले असतील तर तो गट बरोबर निवडलाय असं समजायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट सरांची. अमेरिकेत रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल संघांवर वर्षानुवर्षं काम केलं. काही प्रशिक्षकांना त्यांनी थोडक्यात एवढंच शिकवलं की चांगलं केलं की लगेच सांगा, चूक झाली की आधी धीर द्या आणि मग दुरुस्ती सांगा, टोमणे मारू नका. पुढच्या हंगामात या प्रशिक्षकांच्या संघांतली ५ टक्के मुलं खेळ सोडून गेली. ज्यांना असं काही शिकवलं नव्हतं त्यांच्याकडची गळती २६ टक्के होती. हा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यात गंमत अशी की दोन्हीकडच्या संघांची हार-जीत जवळपास सारखीच होती. म्हणजे पोरं हरण्याने पळत नाहीत, बोलण्याने पळतात. पुढे संशोधक अमांडा विसेक यांनी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना खेळात मजा कशाने येते हे विचारलं, तेव्हा ८१ गोष्टींची यादी झाली आणि त्यात जिंकणं पार ४८ व्या क्रमांकावर गेलं. मन लावून खेळणं, चांगला सवंगडी असणं आणि सरांनी नीट वागवणं या गोष्टी वरच्या होत्या.

म्हणून सर कसे आहेत हे त्यांच्या सर्टिफिकेटवरून पाहू नका. झेल सुटल्यावर पाहा. झेल सुटला की काही सर आभाळाकडे बघून हात जोडतात, काही आडनावाने हाक मारून सगळ्या मैदानाला ऐकवतात, काही पुढच्या चेंडूला त्याच पोराला त्याच जागी उभं करतात. हा तिसरा माणूस सापडला तर फी थोडी जास्त असली तरी द्यावी. शालेय क्रिकेटचे प्रशिक्षक दिनेश लाड सरांनी बोरिवलीच्या एका पोराला ऑफस्पिनर म्हणून हेरलं आणि फी माफ करवून आपल्या शाळेत आणलं. तो आठव्या क्रमांकावर फलंदाजीला यायचा. एके दिवशी सरांनी त्याला नेटमध्ये बॅट चालवताना पाहिलं आणि वर पाठवायला सुरुवात केली. तो पोरगा रोहित शर्मा. लाड सरांची नजर सगळ्यांकडे नसते हे मान्य. पण ‘तू बॉलर’ असा शिक्का नवव्या वर्षी मारून वर्षभर पोराच्या हातात बॅट न देणारे सर सर्रास आढळतात. दहा-बारा वर्षांपर्यंत प्रत्येकाने सगळं करावं, विकेटकीपिंगसुद्धा, हा साधा नियम पाळणारी अकादमी शोधावी.

आणि एकच खेळ का? विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध याच नेरुळच्या मैदानावर नाबाद १२७ करून ३३९ चा पाठलाग पुरा करणारी जेमिमा रॉड्रिग्ज लहानपणी हॉकीही खेळायची आणि महाराष्ट्राच्या वयोगट संघापर्यंत पोचली होती. कॅनडातले संशोधक ज्याँ कोते यांची मांडणी हीच आहे: सहा ते बारा वर्षं निरनिराळे खेळ चाखायचे, तेरा ते पंधरा एकदोन खेळांवर यायचं, खरी झोकून देण्याची वेळ त्यानंतर. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०१६ साली सल्ला दिला की एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळापर्यंत लांबवावं, आठवड्यातून किमान एक दिवस सुट्टी आणि वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळापासून रजा असावी. आपल्याकडे मात्र बारा महिने फी घेणाऱ्या अकादमीला ‘पावसाळ्यात फुटबॉल खेळू दे का?’ विचारलं तर सरांचा चेहरा पडतो. तो चेहरा बघून घ्या.

खेळ बदलला की संधीचं गणितही बदलतं आणि यात आपले देशी खेळ फार शहाणे आहेत. खो-खोत आक्रमणाला नऊच्या नऊ मुलं मैदानात, बचावाला तिघांची तुकडी आणि तीही सतत बदलती. कबड्डीत बाद झालेला गडी संघाने समोरचा गडी बाद केला की परत आत येतो. खेळायला उतरलेला कुणी बाद झाला म्हणून सामनाभर बाहेर बसून राहत नाही. उलट क्रिकेटमध्ये पहिल्या चेंडूवर बाद झालेल्या पोराचा रविवार संपला. घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, करावे या गावठाणांत आगरी-कोळी मंडळांनी कबड्डी टिकवून धरली आहे, आणि पलीकडच्या टॉवरमधल्या आईबापांना ते बहुधा ठाऊकही नसतं. खर्च नाममात्र, मैदान चालत जाण्याइतकं जवळ, आणि सोबतीला गावातलीच मोठी पोरं. फुटबॉलमध्येही लहानग्यांना अकरा-अकराच्या मैदानावर सोडण्याऐवजी पाच-पाच किंवा सात-सातचे सामने खेळवणारे प्रशिक्षक निवडा. लहान मैदानावर चेंडू पायाशी जास्त वेळा येतो, एवढं साधं कारण.

वयाचं एक कोडं बरेच पालक लक्षात घेत नाहीत. शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट ३१ डिसेंबरच्या तारखेवर ठरतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतो आणि त्या वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत आणि ताकदीत चांगलाच फरक. कॅनडात आइस हॉकीच्या निवडक खेळाडूंमध्ये वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांचा भरणा असल्याचं रॉजर बार्नस्ली यांनी १९८५ साली दाखवून दिलं, आणि पुढे अनेक खेळांत तेच दिसलं. क्रिकेट मंडळाची तारीख १ सप्टेंबर, म्हणजे तिथे फटका ऑगस्टवाल्यांना. तेव्हा नोव्हेंबरात जन्मलेला तुमचा बारीक पोरगा शालेय स्पर्धेच्या ट्रायलमध्ये पडला तर तो खेळात कमी आहे असं नाही, त्याची हाडं अजून वाढायची आहेत. अशा मुलाला दोन वर्षं सांभाळणारा संघ हवा. जन्मतारीख ‘ॲडजस्ट’ करून देतो म्हणणारा भेटला तर तिथूनच उठा. मंडळ हाडांची चाचणी करतं, आणि खोटं उघडं पडलं की बंदी मुलावर येते, सल्लागारावर नव्हे.

शरीराचं बोलतोच आहोत तर उन्हाचंही बोलू. आपल्याकडची बहुतेक शिबिरं एप्रिल-मेच्या सुट्टीत. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. पारा अडतीसला असला तरी शरीराला तो जास्त भोवतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात उष्माघाताने माणसं दगावली, ती जागा आपल्याच शहरातली. सकाळी साडेनऊनंतर पोरांना पळवणारी, पाणी मागितलं की ‘नंतर’ म्हणणारी अकादमी कितीही नामांकित असो, नको. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलाच्या पाठीचा हिशेब कोण ठेवतं तेही विचारा. इंग्लंडच्या मंडळाने तेरा वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसात १० षटकांची मर्यादा घातली होती. आपल्याकडे तोच पोरगा शाळा, क्लब आणि अकादमी अशा तिन्हीकडून एका आठवड्यात टाकतो आणि तिघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो.

मुलीसाठी संघ बघताना माझी पहिली चौकशी स्वच्छतागृहाची असेल. मैदानावर नीट, कडी लागणारं स्वच्छतागृह नसेल तर मुली पाणी पीत नाहीत, पाळीच्या दिवसांत येत नाहीत आणि वर्षभरात सोडून देतात. मग आपण म्हणतो, मुलींना आवडच नसते. प्रवासाच्या सामन्यांना सोबत बाई असते का, प्रशिक्षक मुलांशी एकट्याने फोनवर बोलतात का, तक्रार कुणाकडे करायची, हे मुलगा असो की मुलगी, विचारायचंच. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अत्याचाराची माहिती असून ती न कळवणं हाही गुन्हा आहे. असं विचारल्याने सर दुखावले तर दुखावू द्या.

अंतराचं काय? पालघरहून ट्रेनने ये-जा करणाऱ्या शार्दूल ठाकूरला लाड सरांनी आपल्या घरी ठेवून घेतलं होतं, ही गोष्ट प्रेरणा म्हणून ठीक आहे. ती नियम म्हणून सांगायची नसते. संध्याकाळी सायन-पनवेल महामार्गावर तासभर घालवून मूल जेव्हा घरी पोचतं, तेव्हा त्याच्या वाट्याला आलेली नेटमधली चार मिनिटं फार महाग पडतात. बारा वर्षांपर्यंत आपल्याच नोडमधला बरा संघ लांबच्या उत्तम संघापेक्षा चांगला.

मोठं झाल्यावर मात्र एक नकाशा समोर ठेवा. वाशी-नेरुळ-बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर-कामोठे-पनवेल रायगड जिल्ह्यात. रायगड जिल्हा क्रिकेट संघटना पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेशी संलग्न आहे, तर ठाण्याकडची पोरं मुंबईकडून खेळत आली आहेत. डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे हे त्याचं उदाहरण. बेलापूरची टेकडी ओलांडली की निवडीचा रस्ताच बदलतो. नाव नोंदवण्याआधी आपला पत्ता आणि शाळा कुठल्या संघटनेत मोडते हे स्वतः जाऊन विचारून या, अकादमीच्या शब्दावर राहू नका. प्रमाणपत्राचंही तसंच. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण आणि दहावी-बारावीचे वाढीव गुण मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या कामगिरीलाच मिळतात आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. ‘राष्ट्रीय’ नावाच्या खासगी स्पर्धेत पैसे भरून मिळालेलं पदक भिंतीवर शोभतं, एवढंच.

येत्या जूनमध्ये प्रवेश घ्यायचा असेल तर आत्ताच एका गोष्टीची मागणी करा. गेल्या हंगामाचं स्कोअरबुक बघायला मागा. पहिल्या पानावरची शतकं सोडून द्या. वीस जणांच्या चमूतले शेवटचे आठ कोण आहेत, त्यांनी किती सामने खेळले, किती चेंडू खेळले, किती षटकं टाकली ते मोजा. मग त्यातल्या एकाच्या आईला फोन करा आणि पोरगा यंदा परत येतोय का विचारा. स्कोअरबुक दाखवायला जो संघ कां-कूं करेल, तिथे वर्षाची फी एकरकमी भरू नका.